पंचावन्नपुढच्या बायकांसाठीचं लिखाण वाचकांच्या वर्गणीवर चालवायचं आहे

उत्तररंग

नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी धागा काढते आहे आणि तो लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा.

गेली सात वर्षं मी पंचावन्नच्या पुढच्या बायकांसाठी ब्लॉग लिहिते. कपडे, अंगठ्याजवळचं हाड वाढलेल्या पायांना मानवतील अशी पादत्राणं, पिकलेले केस न रंगवता कसे राखायचे, एकटीने प्रवास, एकटीने राहणं, झोप, मुलं लांब गेल्यावरचं घर, जुन्या मैत्रिणी टिकवणं आणि या वयात नव्या जोडणं. आठवड्याला एक लेख. तो बहुतेक जणींना ईमेलने जातो.

आजवर हे जाहिराती आणि कमिशनच्या लिंका (वाचकाने लिंकवरून वस्तू घेतली की मला थोडे पैसे मिळतात) यांवर चाललं. गेल्या वर्षी सांधेदुखीवरच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीने सहा महिन्यांचं प्रायोजकत्व देऊ केलं. अट एकच होती, माझा एक जुना लेख काढून टाकायचा. माझ्या गुडघ्यांना सर्वांत जास्त उपयोग झाला तो मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाचा, आणि गोळ्यांवर घातलेले पैसे वाया गेले, असं मी त्यात लिहिलं होतं. मी नाही म्हटलं. पण त्या रात्री मी हिशेबाची वही उघडून बसले होते हेही खरं. ते पैसे माझ्या वर्षाच्या निम्म्या खर्चाइतके होते.

त्यानंतर मी माझ्या पानावरच्या जाहिराती वाचकाच्या नजरेने पाहायला लागले. सुरकुत्या, केसगळती, गुडघे, लघवीवरचा ताबा, अंत्यविधीचा विमा. लेख सांगतो की या वयात अजून बरंच काही करण्यासारखं आहे, आणि त्याच्या शेजारचा चौकोन सांगतो की तुझ्यात काहीतरी बिघडलंय, ते झाकून घे. हे दोन्ही माझ्याच नावाखाली छापलं जात होतं.

कमिशनच्या लिंकांचंही असंच. अॅमेझॉनची ही योजना १९९६ पासूनची. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी दर उतरवले, फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. मी तेव्हा घर आवरण्यावर मालिका लिहीत होते. माझ्या लिखाणात काहीच बदललं नव्हतं, तरी उत्पन्न निम्म्याखाली गेलं.

म्हणून आता वाचकांकडून वर्गणी घ्यायची असं ठरवलंय. पण महिन्याची घ्यावी की वर्षाची? कोणते लेख फक्त वर्गणीदारांसाठी ठेवावेत? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, मागायचं कसं? आयुष्यभर घरात, नोकरीत, नात्यात बिनपैशाचं काम केलं. स्वतःच्या कामाचे पैसे तोंडाने मागायची वेळ आली की घशात काहीतरी अडकतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अबोली

उत्तररंगताई, आधी त्या नकाराबद्दल मनापासून अभिनंदन.

मी चार वर्षं बागकामावरचं पत्र वर्गणीवर चालवते. माझे वाचकही बहुतेक साठीपुढचे. मला उशिरा कळलेलं आधी सांगते. तुमच्या वाचकांचे ईमेल पत्ते हीच तुमची खरी मिळकत आहे. ते तुमच्या हातात राहतील अशीच सोय निवडा. २०१३ च्या जुलैमध्ये गूगल रीडर, म्हणजे अनेक ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय, बंद झालं तेव्हा अनेक लिहिणाऱ्यांचे नेमाने येणारे वाचक पांगले, कारण त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ताच लेखकांकडे नव्हता. समाजमाध्यमांवरचे अनुयायीही असेच, ते त्या कंपनीचे असतात.

सबस्टॅक ही ईमेलने पत्रं पाठवायची आणि वर्गणी घ्यायची सोय २०१७ साली सुरू झाली. तिथे पत्त्यांची यादी उतरवून घेता येते आणि निघून जायचं तर सोबत नेता येते. वर्गणीतले १० टक्के ते घेतात, कार्डाच्या व्यवहाराचा खर्च वेगळा. मोफत पत्र पाठवायला काही पडत नाही. घोस्ट ही तशीच सोय देणारी ना-नफा संस्था २०१३ पासून आहे. ती टक्केवारी घेत नाही, पण त्यांच्या सर्व्हरवर राहायचं तर वर्गणी आली नाही तरी शुल्क भरावं लागतं, आणि यादी मोठी झाली की ते वाढतं. म्हणजे सुरुवातीला पहिली सोय हलकी पडते आणि वर्गणीदार वाढल्यावर दुसरी. मी पहिलीवर सुरुवात केली, तिसऱ्या वर्षी दुसरीकडे गेले. त्यासाठी दोन दिवस लागले आणि एकही पत्ता हरवला नाही.

कोणत्या लिखाणाला कुलूप लावायचं, याचं माझं उत्तर तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही. मी माहितीला कुलूप लावत नाही. कोणत्या झाडाला कधी छाटायचं हे सगळ्यांसाठी खुलं असतं. वर्गणीदारांना मिळतो तो माझा वेळ. महिन्यातून एकदा त्यांच्या प्रश्नांची सविस्तर उत्तरं आणि एक गप्पांची बैठक. सुरुवातीला मी उलटं केलं होतं, चांगले लेख आत आणि किरकोळ बाहेर. नवीन वाचक बाहेरचं किरकोळ वाचून निघून जायचे.

पानगळ

मी लिहिणारी नाही, वाचणारी आहे. वय ७१. म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे पैसे मागणार आहात त्यांतली. तेव्हा मी पैसे का भरत नाही ते सांगते.

मला कार्डाची भीती वाटते. पैसे जाण्याची नाही, आपोआप जात राहण्याची. एकदा कुठल्याशा व्यायामाच्या अॅपचं मोफत महिना म्हणून बटण दाबलं, आणि अकरा महिने पैसे कापले जात होते. थांबवायचं बटण सापडेना. शेवटी भाचीला विचारलं. तिने दोन मिनिटांत बंद केलं, पण त्या दोन मिनिटांत मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. आपण आता या जगात अडाणी ठरलो, असं वाटलं.

तेव्हा भरायचं कसं हे सांगण्याआधी थांबवायचं कसं ते सांगा. त्याच पानावर, मोठ्या अक्षरात. पैसे कापले जाण्याच्या आठवडाभर आधी पत्र पाठवा की अमुक तारखेला एवढे कापले जातील, नको असेल तर इथे दाबा. असं पत्र मला कुणी पाठवलं तर मी उलट ते चालूच ठेवीन.

आणि माझ्या कितीतरी मैत्रिणींचं स्वतःचं कार्डच नाही. पेन्शन आहे, पण खात्याचे व्यवहार नवरा बघायचा, आता मुलगा बघतो. तीस-चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला या वयात मुलाला सांगावं लागतं की मला एक वाचायला घ्यायचंय, पैसे भर. तो म्हणतो, मोफत एवढं आहे ते वाच की. ती गप्प बसते. तुमची वर्गणी मुख्यतः इथे अडते.

गणितवाली

पानगळताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी आकड्यांचं बोलते. अमेरिकी लेखक केविन केली यांनी २००८ साली मांडलं होतं की कलावंताला लाखोंची गरज नसते, हजार खरे चाहते पुरतात, वर्षाला एका दिवसाच्या कमाईइतका खर्च त्याच्यासाठी करणारे. कल्पना आजही धीर देणारी आहे. पण तुमच्या वाचकांतल्या कित्येक जणींना ‘एका दिवसाची कमाई’ हे मापच लागू होत नाही, कारण त्यांच्या कामाला कधी मजुरी नव्हती. तेव्हा ते माप सोडा आणि आपला खर्च किती, तिथून मागे या.

सबस्टॅकवाले सांगतात की मोफत वाचकांतले शंभरी ५ ते १० वर्गणीदार होतात. मी नियोजन करताना २ धरीन. तुमच्या यादीत ३००० असतील तर ६०. साठांवर घर चालणार नाही, पण सर्व्हर, चित्रं, संपादन हे बहुधा निघेल. पहिल्या वर्षी एवढंच ध्येय ठेवा.

आता महिना की वर्ष. दर महिन्याला शंभरातले ५ जण गळतात असं समजू. ऐकायला थोडे वाटतात. पण बारा महिन्यांनी सुरुवातीच्या शंभरांतले ५४ उरतात. गळती ३ वर आणली तर ६९ उरतात. त्यात प्रत्येक व्यवहाराला टक्केवारीबरोबर एक ठरावीक तुकडाही जातो. कार्डाचे पैसे पोचवणाऱ्या स्ट्राइप कंपनीचा अमेरिकेतला नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट आहे. पाच डॉलरच्या मासिक वर्गणीतले जवळजवळ ९ टक्के तिथेच जातात. वर्षाचे ५० एकदम घेतले तर साडेतीन. म्हणजे लहान रक्कम वारंवार घेणं दोघींनाही महाग पडतं.

पानगळताईंच्या भीतीवरही वार्षिक वर्गणी बरी. बारा वेळा कापलं जाण्याऐवजी एकदा, तेही आधी कळवून. अजून एक, बऱ्याच जणी सोडून गेलेल्या नसतात, त्यांच्या कार्डाची मुदत संपलेली असते. त्यांना ‘आपली वर्गणी रद्द झाली’ असं कोरडं पत्र गेलं की त्या खजील होतात आणि परत येत नाहीत. ते पत्र स्वतः लिहा.

समांतर

थोडं विरोधी मत, राग नसावा.

जाहिरात म्हणजे पापच, असा सूर लागतोय. वयस्क बायकांना जाहिरातदारांनी विचारात घ्यावं यासाठी किती वर्षं झगडा झाला! चाळिशीपुढच्या बायकांसाठी अमेरिकेत ‘लिअर्स’ मासिक निघालं, १९८८ ते १९९४. मग ‘मोअर’, १९९८ ते २०१६. दोन्ही बंद झाली. वाचकवर्ग होता, पण जाहिरातदारांनी या वयाला पुरेसं मोल दिलं नाही असं मला वाटतं. उपाय त्यांनी पैसे घालावेत हा आहे, सगळा भार वाचकांवर टाकणं हा नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या ‘अॅल्युअर’ या सौंदर्यविषयक मासिकाने २०१७ मध्ये ‘अँटी-एजिंग’ हा शब्दच वापरायचा नाही असं जाहीर केलं. बदल तिथूनही होतो.

दुसरं म्हणजे वर्गणी आली की ज्यांच्याकडे पैसे त्यांचंच वाचन होतं. आणि एक जाहिरातदार जाऊन शंभर मालकिणी येतात. त्या नाराज झाल्या तर?

उत्तररंग

समांतर, राग अजिबात नाही. हा प्रश्न मलाही छळतो.

‘अॅल्युअर’चं पाऊल मला आवडलं होतं. पण शब्द गेला तरी त्वचेच्या क्रीमची पानं तशीच राहिली, कारण पैसे तिथूनच येतात. अमेरिकेतल्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाचा इतिहास यासाठीच मला महत्त्वाचा वाटतो. १९९० साली त्यांनी जाहिराती पूर्ण बंद केल्या आणि मासिक वाचकांच्या पैशावर काढलं. त्या पहिल्या अंकात मासिकाच्या एक संस्थापक ग्लोरिया स्टाइनेम यांनी आधीच्या वर्षांचा सगळा हिशेब मांडला. खाद्यपदार्थांच्या जाहिरातदारांना शेजारी पाककृती हव्या असायच्या, प्रसाधनांच्या जाहिरातदारांना सौंदर्यावरचे लेख. सोव्हिएत रशियातल्या स्त्रियांवर मुखपृष्ठकथा केली तर प्रसाधनांची एक मोठी कंपनी जाहिरात देईना, का तर मुखपृष्ठावरच्या बायकांनी मेकअप केलेला नव्हता. मला गोळ्यांच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा हीच गोष्ट आठवली. मधे तीस वर्षांहून जास्त काळ गेला आणि मागणी तीच.

मालकिणींबद्दल. हो, त्या नाराज होतात. जोडीदार गेल्यावर सत्तरीत नव्याने कुणाची सोबत हवीशी वाटण्यावर मी लिहिलं तेव्हा काही जणींनी नाव काढून घेतलं, एकीने फार कडू पत्र लिहिलं. पण लेख आजही आहे. त्यांतली एकही एकटी तो काढायला लावू शकत नव्हती. गोळ्यांची कंपनी लावू शकली असती. मी वर्गणीकडे वळते आहे ती या फरकासाठी.

पैसे नसलेल्या वाचकांचा प्रश्न मात्र खरा आहे. अबोलीताईंसारखं लेख खुले ठेवायचे, हे आता जवळपास ठरलं.

अबोली

खुलं ठेवून मागता येतं. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने लेखांना कुलूप लावलं नाही, तरी २०१८ मध्ये दहा लाख वाचकांनी पैसे दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. अर्थात त्यांचा पसारा वेगळा, आपल्याला ते प्रमाण लागू नाही. आणि वाचकांचा पैसाही जाऊ शकतो. ‘डे कॉरस्पाँडंट’ या डच ऑनलाइन वृत्तपत्राने २०१३ मध्ये आठ दिवसांत दहा लाख युरो जमवले. त्याच धर्तीवरचं इंग्रजी भावंड मात्र २०२१ उजाडता बंद झालं, पुरेशा सदस्यांनी नूतनीकरण केलं नाही म्हणून. तेव्हा एक वर्षाचा खर्च बाजूला असल्याशिवाय जाहिराती एका दिवसात काढू नका. मी आठ महिने दोन्ही चालू ठेवलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती.

तिसऱ्या वर्षी एका मुलीचं पत्र आलं. आई चार महिन्यांपूर्वी गेली, तिच्या कार्डावर तुमचे पैसे अजून कापले जातात, हे काय आहे? मी हादरले. त्या बाई दर महिन्याला प्रश्न पाठवायच्या. गेले चार महिने प्रश्न आला नव्हता आणि मी तो का आला नाही हे विचारलंही नव्हतं. पैसे त्याच दिवशी परत केले. पण पत्राचं उत्तर लिहायला तीन दिवस लागले. शेवटी मी तिच्या आईचे सगळे जुने प्रश्न एकत्र करून पाठवले, दोन वर्षांत एकवीस होते. शेवटचा जाईच्या वेलाबद्दल होता, तो नीट चढत नव्हता. मुलीने कळवलं की वेल अजून आहे, आता ती बघेल.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. कोणी दोन महिने पत्र उघडलंच नाही तर मी स्वतः चार ओळी लिहिते. उत्तर नाही आलं तर नूतनीकरण थांबवते. आपल्या वयोगटासाठी वर्गणी घ्यायची तर वर्गणीदार आजारी पडतील, विसरतील, जातील, हे धरूनच व्यवस्था हवी. तरुणांसाठी बनवलेल्या सोयी हे धरत नाहीत. वर्गणी भरताना आणखी एका जवळच्या व्यक्तीचा ईमेल विचारा, सक्ती नको. मी विचारते. बहुतेक जणी देतात, आणि कितीजणी त्यात मुलाचा नाही तर मैत्रिणीचा देतात.

गणितवाली

अबोलीताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

रानजाई

+१. गेलं वर्षभर आईचा ईमेल मीच बघते, त्यामुळे हे फार जवळून कळलं.

अवांतर वाटेल, पण नाही. अक्षर मोठं ठेवा. फिकट राखाडी अक्षर पांढऱ्या पानावर हल्ली सगळीकडे असतं, मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते दिसतच नाही. वेबपानांच्या सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा फरक सांगितलाय, आणि अक्षर दुप्पट केलं तरी पान मोडता कामा नये. वर्गणीचं पान तर नक्की तपासा. आईने एकदा पैसे भरायचं सोडून दिलं ते फक्त ‘पुढे’ हे बटण दिसलं नाही म्हणून.

पानगळ

पैसे नसणाऱ्यांसाठी एक सुचवू? एकीने दोघींचे भरायचे अशी सोय ठेवा. स्वतःची एक वर्गणी आणि दुसरी कोणातरी अनोळखीसाठी. मी अशी भरीन. पण ती दुसरी मिळवायला कारण विचारू नका, पुरावा मागू नका. ‘मला सध्या जमत नाही’ एवढं एक वाक्य पुरे. आमच्या पिढीच्या बाईला ते एक वाक्य लिहायलाच केवढं बळ लागतं!

समांतर

ही सोय असेल तर माझा मोठा आक्षेप उरत नाही. मुलगा पैसे भरतो त्या घरांसाठी ‘आईला भेट द्या’ असं वेगळं बटण ठेवा. मी माझ्या आईसाठी घेईन. तिला विचारूनच, म्हणजे तिला न आवडल्यास बंद करायचा अधिकार तिचाच राहील.

उत्तररंग

सगळ्यांचे आभार कसे मानू? ठरवलं ते असं. लेख सगळे खुले. वर्गणी वार्षिक, महिन्याची नाही. वर्गणीदारांसाठी महिन्यातून एकदा गप्पा आणि त्यांच्या पत्रांची माझ्या हातची उत्तरं. दोघींचे भरायची सोय, भेटीची सोय, जवळच्या व्यक्तीचा ईमेल. जाहिराती एकदम न काढता आधी औषधांच्या आणि सुरकुत्यांच्या, मग उरलेल्या. कमिशनच्या लिंका वर्षअखेरीपर्यंत, प्रत्येकीपुढे तसं लिहून.

मागायचं पत्र आज लिहिलं. तीन वेळा खोडलं. आधीच्या तिन्हीत मी माफी मागत होते. हे चौथं, बोला:

‘सात वर्षं मी तुमच्यासाठी लिहिते आहे. एका लेखामागे माझे साधारण दोन दिवस जातात. आजवर त्याचे पैसे अशा लोकांनी दिले ज्यांना तुम्ही स्वतःच्या वयावर नाराज असणं फायद्याचं होतं. मला आता ते नको आहेत. तुम्हाला हे लिखाण उपयोगी पडत असेल आणि परवडत असेल, तर वर्षाची वर्गणी भरा. परवडत नसेल तरीही वाचत राहा, लेख तुमच्यासाठी उघडेच आहेत. वर्गणी केव्हाही थांबवता येईल, कशी ते पुढे दिलं आहे. पैसे कापले जाण्याच्या सात दिवस आधी मी स्वतः कळवीन. शक्य झाल्यास पाठिंबा द्यावा ही विनंती.’

पानगळ

शेवटचं वाक्य काढा. मागून झालंय, आता विनवणी कशाला?

आणि ‘कशी ते पुढे दिलं आहे’ नको, तिथेच द्या.

उत्तररंग

काढलं. थांबवायची रीत पत्राच्या मध्यावर आणली, ठळक अक्षरात. पानगळताई, सोमवारी सकाळी पाठवते आहे. त्याआधी वर्गणीचं पान तुम्ही एकदा भाचीची मदत न घेता उघडून बघाल का? जिथे अडाल तिथे मी दुरुस्त करीन.

पानगळ

पाठवा. रविवारी दुपारी बसते. चष्मा नवा आहे, पण मी मुद्दाम जुना लावून बघेन.